तू कमी केलेला वारा

आई,

आधी हातानं काय काय केलं ते लिहितो, कारण नुसत्या गप्पा तुला कधी आवडल्या नाहीत. पहिला तुझा पाट. सागवानी, खालच्या दोन्ही पट्ट्या खिळ्यांनी न ठोकता खाचेत सरकवून बसवलेल्या. मी शाळा सोडली त्या वर्षी केलेला, अजून डुगडुगत नाही. मग स्वयंपाकघरातली मांडणी, जिच्या वरच्या फळीवर तू डाळीचे डबे ठेवायचीस आणि जी कधी झोळ खाऊन वाकली नाही, कारण मी लाकडाची रेघ पाहून फळी कापली होती. मग मोटारीची तार गुंडाळायचं यंत्र, ज्याला वेढे मोजायला जुन्या टेपरेकॉर्डरमधला आकड्यांचा काउंटर लावला आहे. आपल्या आर्णीत बाकीचे कारागीर तोंडानं वेढे मोजत आणि कोणी चहाला हाक मारली की चुकत. मग वारा मोजायचं चक्र, चार पळ्यांच्या वाट्या कापून सायकलच्या हबवर बसवलेलं, इतकं हलकं की फुंकरीनं फिरतं. आणि सगळ्यात शेवटी पाटी. पाटी तू पाहिली नाहीस. हे पत्र तिच्याबद्दल आहे, आणि तुझ्या पाटावर येऊन बसणाऱ्या त्या पोरीबद्दल. ती आता पन्नाशीची आहे, केस पिकलेत, पण माझ्या डोक्यात ती पोरगीच राहिली. मागच्या आठवड्यात ती दुकानात आली होती, मला काहीतरी मागायला. मी तिला उत्तर दिलं आहे. ते बरोबर दिलं की चूक, हे विचारायला तुझ्याशिवाय कोणी नाही.

पाटी वाऱ्याच्या गणिताची आहे. विमानाला एका गावाला जायचं असतं आणि वारा भलतीकडूनच वाहत असतो. मग नाक किती वळवायचं, कोणत्या अंगाला वळवायचं, आणि वारा सोसून जमिनीवर खरा वेग किती उरतो, ते ही पाटी दाखवते. मधोमध एक सरळ खोबणी आहे, तो जायचा रस्ता. खोबणीच्या सुरुवातीला पितळेची पट्टी, ती वारा. जेवढा वेग तेवढी लांब करायची आणि वारा ज्या दिशेला जातो त्या दिशेला फिरवायची. पट्टीच्या टोकाला अ‍ॅल्युमिनियमची दांडी, ते विमान; तीही त्याच्या वेगाएवढी लांब ठेवायची. दांडी हळूहळू फिरवत आणायची, तिचं मोकळं टोक खोबणीला टेकलं की थांबायचं. दांडीचा कल म्हणजे नाकाची दिशा, आणि खोबणीत टोक जिथं टेकलं तिथपर्यंतचं अंतर म्हणजे खरा वेग. कागद नको, पेन्सिल नको. आपल्याकडे आता फवारणी ड्रोननं होते, आणि ड्रोन उडवायचा परवाना हवा तर नागपूरला जाऊन शिकावं लागतं. ड्रोन स्वतःच वारा सांभाळतो, त्याला माझ्या पाटीची गरज नाही, हे मी घेणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगतो. पण शिकणाऱ्याला परीक्षेत वाऱ्याची गणितं येतात आणि तिथं माणसं अडतात. नेरचा एक ओळखीचा शेतकरी तसाच अडला होता. जळालेली मोटार नव्या तारेनं भरायला घेऊन आला आणि सोबत प्रश्नांचा कागद. म्हणाला, "भाऊ, मोटार भरता तसं हे बी भरून द्या ना." त्याच्यासाठी मी पहिली पाटी केली.

मला ती गणितं कशी येत होती, हे त्यानं विचारलं नाही. तुला सांगतो. तू गेलीस त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी रद्दीवाल्याकडून अकरावी-बारावीची जुनी पुस्तकं किलोच्या भावानं आणली. लोकांना वाटलं, ह्याला उशिरा शहाणपण सुचलं. शहाणपण नव्हतं. तू तिला आपल्या स्वयंपाकघरात दोन वर्षं काय सांगत होतीस, ते मला पाहायचं होतं.

आठवतं का तुला, मी नववीत तुझ्याच वर्गात होतो. शाळेत तुला बाई म्हणायचं आणि घरी आई, हा तुझाच नियम. वार्षिक परीक्षेत गणितात दोन मार्क कमी पडले. मी शिक्षकांच्या खोलीत आलो, बाकीचे सर लोक चहा पीत होते, मी म्हणालो, "बाई, दोन मार्क." तू पेपरवरून मान वर केली नाहीस. म्हणालीस, "आणि बाकीच्या पोरांना मी काय सांगू? त्यांच्या आया शाळेत नाहीत म्हणून ते नापास?" सर लोक हसले. त्या दिवशी घरी तू पातोडीची भाजी केलीस, माझ्या आवडीची. ती भाजी मला अजून गिळता येत नाही असं लिहिलं तर खोटं होईल; मी तीनदा वाढून घेतली होती. पण मी पुन्हा वर्गात बसलो नाही. मोटार भरायच्या दुकानात लागलो.

दोन वर्षांनी ती यायला लागली. दोन घरं सोडून राहणाऱ्या एसटीच्या कंडक्टरची मुलगी, अकरावी सायन्सला. तुला संध्याकाळी स्वयंपाकातून उसंत नसायची, म्हणून तिची शिकवणी चुलीजवळच. तू भाकरी थापायचीस आणि ती पाटावर बसून गणितं सोडवायची. माझ्या पाटावर. मी दुकानातून यायचो, हाताला वार्निशचा वास, आणि तू म्हणायचीस, "हात धू अन् जरा अंगणात बस, तिचं गणित चालू आहे." मी अंगणात बसून ऐकायचो. "वारा किती?" "तीस." "कुठून?" मग कुजबुज, मग दोघींचं हसणं. आई, तू हसायचीस. शाळेत मी तुला कधी हसताना पाहिलं नव्हतं आणि घरीही फार नाही. एकदा मला राहवलं नाही. दारात उभा राहून म्हणालो, "वारा असला तर माणूस जास्त जोर लावते. यात गणित काय आहे?" ती खाली मान घालून हसली. तू पीठ लागलेला हात वर केलास आणि म्हणालीस, "तू नको मधात बोलू. तुले काय समजते त्यातलं?"

बस, एवढंच वाक्य. इतकी वर्षं गेली, पण त्यातला 'तुले' मी अजून तुझ्या आवाजात ऐकतो. आठ दिवसांनी मी पुसदला गेलो, तिथल्या मोटारींच्या दुकानात. माळ्यावर झोपायचो, खानावळीत जेवायचो. त्या दिवाळीला आलो नाही. तू बोलवायला आली नाहीस, मीही चिठ्ठी टाकली नाही. उन्हाळ्यात आलो तेव्हा दारातच विचारलंस, "जेवला का?" आणि विषय संपला. ती तोवर बारावी होऊन अमरावतीला गेली होती. पाट भिंतीला टेकवून उभा होता.

तेव्हापासूनच्या माझ्या जळण्याचा हिशोब मांडला तर पान पुरणार नाही. ती इंजिनीअर झाली तेव्हा तू शेजारीपाजारी पेढे वाटलेस. मी स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा नारळ फोडलास आणि म्हणालीस, बोर्डावर अक्षरं वाकडी आहेत. होती वाकडी, मी दुसऱ्या दिवशी पुन्हा रंगवली. तुझ्या तेराव्याला ती आली आणि माझ्यापेक्षा जास्त रडली. बायकांनी तिच्याभोवती कोंडाळं केलं, तिलाच पाणी दिलं, तिलाच वारा घातला. मी सख्खा मुलगा, मांडवाची दोरी सैल झाली होती ती आवळत उभा.

म्हणून पुस्तकं आणली. दिवसा दुकान, जेवणानंतर पुस्तक. कोणाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर शिकवलेलं झालं असतं, शिकलेलं नाही. आधी मी वेग सरळ मिळवायचो, पन्नास आणि तीस ऐंशी, किराणा दुकानासारखं. मग कळलं की बाणांची बेरीज वाकडी असते. पुढे एक चूक महिनाभर गेली नाही. जाताना नाक उजवीकडे वळवायचं आलं, तर मी येतानाही उजवीकडेच वळवायचो, आणि विमान घरापासून लांब कुठेतरी कापसाच्या शेतात उतरायचं. पुस्तकाच्या मागचं उत्तर वेगळं. शेवटी मी अंगणात खडूनं रस्ता आखला, उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्यासाठी झाडू आडवा ठेवला आणि स्वतः चालून पाहिलं. पुसदकडे, मावळतीला, तोंड केलं तर उत्तर उजव्या हाताला. घराकडे वळलो तर तीच उत्तर डाव्या हाताला. वारा जागचा हलला नव्हता, मीच फिरलो होतो. बायको ओट्यावरून पाहत होती. म्हणाली, "काय हरवलं?"

मग सगळ्यात मोठी गोष्ट सापडली. पुस्तकात विमान आधी काढतात आणि वारा त्याला जोडतात. पण विमानाची दिशाच माहीत नसते, तर काढायचं कुठून? मी असंख्य कागद फाडल्यावर मला दिसलं की वारा आधी काढायचा. वाऱ्याचं सगळं माहीत असतं, किती आणि कुठे. तो काढून ठेवायचा आणि त्याच्या टोकापासून आपण शोधत निघायचं. हे मला कोणी सांगितलं नाही. हे माझं. पाटी त्यातूनच झाली, म्हणून पितळेची पट्टी आधी आणि दांडी तिच्या टोकाला.

आता तिचं येणं. दुपारची वेळ, मी एका पंपाचं बेअरिंग काढत होतो. गाडी थांबली, ती उतरली, चष्मा वर केला आणि म्हणाली, "काय भाऊ, ओळखलं का नाही?" ओळखलं. ती आता नागपूरला ड्रोन चालवणाऱ्यांना शिकवते, स्वतःचा वर्ग आहे. नेरच्या शेतकऱ्यानं पाटी तिच्याच वर्गात नेली होती. मी स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. तिनं टेबलावरची पाटी उचलली, उलटी करून खाच पाहिली, खिळा नाही हे पाहिलं, ते मला बरं वाटलं. मग मी पाहिलं की तिनं दांडीला हात न लावता आधी पितळेची पट्टी धरली, तीसवर आणली आणि फिरवली. मगच दांडी घेतली. माझ्याकडून पाटी घेणारा प्रत्येक माणूस आधी दांडी धरतो. मला दरवेळी सांगावं लागतं.

मी म्हणालो, "वारा आधी लावला तुम्ही."

"मंग? बाईंनी तसंच तर शिकवलं. आधी वारा काढ, तो कोणाचं ऐकत नाही. मग आपलं पाहू."

आई, जे शोधायला मला वर्षं लागली ते तू तिला एक भाकर शेकेपर्यंत सांगून टाकलं होतंस. मी अंगणात होतो. दहा पावलांवर. मी पाना उचलला आणि खाली ठेवला, काही कारण नसताना.

तिला ते दिसलं असावं. ती म्हणाली, "भाऊ, एक सांगू? मले तुमचा लय राग येत होता तेव्हा."

"माझा? काहून?"

"बाईंच्या सगळ्या गणितांत तुम्हीच राहत होते ना. एक मुलगा पुसदहून आर्णीला सायकलनं निघाला, सरळ अंतर चाळीस किलोमीटर, उत्तरेकडून वारा. रोज तेच. तुम्ही पुसदला गेल्यापासून तर दुसरा माणूसच नाही गणितात."

मी काय बोललो असेन सांग. तोंडातून पहिलं निघालं ते असं: "सायकल वाऱ्यानं आडवी सरकत नाही. चाकं रस्त्याला टेकलेली असतात. ते गणितच चूक आहे. अन् पुसदहून आर्णी नीट पूर्वेला नाही, थोडी उत्तरेला आहे."

ती जोरात हसली. "मी बी तेच म्हटलं! बाई, सायकल नाही हो वाहत. तर बाई थांबल्या, थोडा विचार केला, अन् म्हणाल्या, बरं, मंग त्याले विमान देऊ. तेव्हापासून तुम्ही विमानात. गणित सोडवणार मी, अन् विमान तुमचं. नववी नापास माणूस पायलट, अन् सायन्सवाली चुलीजवळ पाटावर! राग नाही येणार?"

चहा आला. मी पेला टेबलावर ठेवला आणि बेअरिंग पुसायला घेतलं. ती आपल्याच नादात बोलत होती. म्हणाली, प्रश्न नेहमी एकच असायचा, घरी यायला त्यानं नाक कुणीकडे धरावं. वारा बदलायचा, विमानाचा वेग बदलायचा, घर बदलायचं नाही. दिवाळीच्या दोन दिवस आधी तू चुकून वारा साठ दिलास आणि विमान पन्नासचं. तिनं खूप वेळ घातला आणि मग म्हणाली, "बाई, याले उत्तर नाही. आडवा वाराच विमानाहून मोठा आहे. नाक कुठंबी धरलं तरी हा घरच्या रस्त्यावर राहूच शकत नाही." गणित म्हणून ते बरोबर होतं, आई. माझ्या पाटीवर लावलं तर दांडी खोबणीपर्यंत पोचतच नाही.

मी विचारलं, "मग? काय म्हणाली आई?"

"तव्यावर भाकर होती, ती तशीच राहिली. माझ्या हातातून वही ओढली, साठ खोडला अन् तीस केला. भाकर करपली पार. म्हणाल्या, आता सोडव."

"खोडला?"

"खोडला."

"बाईंनी?"

"हो ना भाऊ."

मी दोन मार्कांचं तिला सांगितलं नाही. तीस केला की काय होतं ते मला तोंडपाठ आहे: विमान पन्नास, आडवा वारा तीस, जमिनीवर वेग उरतो चाळीस. घर चाळीस किलोमीटर. नाक उत्तरेकडे, डाव्या हाताला, काटकोनाच्या अर्ध्यापेक्षा थोडं कमी वळवायचं आणि तिथून हलवायचं नाही. एका तासात घर. आणि मी त्या दिवाळीला पुसदच्या माळ्यावर पडून होतो.

तुला वाटेल, हे ऐकून माझी जळजळ शांत झाली असेल. नाही झाली. आधी मला वाटायचं तू तिला गणितं दिलीस आणि मला काही नाही. आता कळलं की जे माझं होतं तेही तू तिच्याकडेच ठेवलंस. माझं घरी येणं रोज संध्याकाळी तिनं सोडवलं, तिनं तपासून घेतलं, तिला बरोबरची खूण मिळाली. तुझा तो करपलेल्या भाकरीजवळचा चेहरा तिनं पाहिला. मी कधी पाहणार? तिच्या डोक्यात अजून तसली कितीतरी गणितं आहेत, ती म्हणाली, "बरीच आठवतात, सांगीन कधी." जणू तिच्या घरची भांडी उसनी द्यायची आहेत.

मग तिनं जे मागायला आली होती ते मागितलं. वर्गासाठी पाट्या हव्या आहेत, सगळ्या माझ्याच हातच्या, अशाच खाचेच्या. आणि प्रत्येक पाटीच्या वरच्या कडेला कोरायचं, 'बाईंची पाटी'. सोबत छापील कागदावर तुझी गणितं, पुसदहून घरी येणाऱ्या मुलाची. "पोरांना आवडतील भाऊ. बाईंचं नाव राहील." ती मनापासून बोलत होती, डोळ्यांत पाणी होतं. तिच्यात खोट काढायला मी पुष्कळ शोधलं, सापडली नाही. हेच मला तिचं कधी सहन झालं नाही.

मी म्हणालो, "सागवान भेटत नाही आजकाल. चांगलं, वाळलेलं नाही भेटत."

ती म्हणाली, "दुसऱ्या लाकडाची करा."

"दुसरं लाकूड पावसाळ्यात फुगते. खोबणी अडकते. मी तसलं काम करत नाही."

तिनं पाटी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "बाईंसारखेच आहात तुम्ही," आणि नमस्कार करून गेली. जाताना टेबलावरची पाटी तिनं मागितली नाही, मीही दिली नाही. गाडी वळल्यावर मी पितळेची पट्टी साठवर नेली. दांडी फिरवली, खोबणीला लागेना, सगळीकडून फिरवून पाहिली. मग पट्टी तीसवर आणली आणि दांडी जाऊन टेकली. असं मी दोन-तीनदा केलं. गिऱ्हाईक येऊन उभं होतं, ते म्हणालं, "बिघडली काय?"

हे पत्र तुला कुठे पाठवणार. मांडणीच्या वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवीन. एक मात्र कबूल करतो, कारण तू मागच्या खोलीत डोकावली असतीस तर तुला दिसलंच असतं. सागवान भरपूर आहे, रांगेनं उभं करून वाळवलेलं. तिनं पन्नास पाट्या मागितल्या होत्या, एका पाटीचे साडेतीन हजार, एकूण एक लाख पंचाहत्तर हजार रुपये. मी नाही म्हणालो.